तिकीट क्लोज झालं, काम तसंच पडलंय

मोठ्या कंपनीत एचआरकडे काम घेऊन गेलात तर पहिलं वाक्य काय ऐकू येतं हे गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, "तिकीट रेज करा", म्हणजे ऑनलाइन पोर्टलवर तक्रार नोंदवा. पगारात ओव्हरटाइम धरला नाही, तिकीट. रजा चुकून कापली, तिकीट. वडील हॉस्पिटलात आहेत, मेडिक्लेमचं कार्ड चालत नाहीये, तरी तिकीट. आणि ते तिकीट वेर्ण्याला कुणी बघतच नाही, ते जातं बेंगळुरूला नाहीतर हैदराबादला, तिथे कोणीतरी मुलगा किंवा मुलगी दिवसाला कितीतरी तिकिटं बघत बसलेली असते, तिला फोंडा कुठे, वेर्णा कुठे काहीच माहीत नसतं, ती एक ठरलेलं उत्तर चिकटवते आणि तिकीट क्लोज.

मी औषधाच्या अशाच एका मोठ्या कंपनीत क्यूसी लॅबला, म्हणजे मालाची क्वालिटी तपासतात तिथे, होतो. यंदा नोकरी सोडली, कुंडईला घराजवळ जॉब मिळाला म्हणून. सोडताना सगळं रीतसर केलं, नोटीस पिरियड भरला, हँडओव्हर दिला, नो ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररीपासून कँटीनपर्यंत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा मेल आयडी बंद झाला, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला, कारण एचआरचं पोर्टल उघडतं फक्त कंपनीच्या आयडीने! म्हणजे सोडून गेलेल्या माणसाचा हिशोब बाकी आहे, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, बाकी आहे, पीएफचं काम बाकी आहे, आणि या सगळ्यासाठी जे तिकीट टाकायचं ते टाकायची सोयच नाही. हे डिझाइन करताना एकाच्याही डोक्यात आलं नाही का, की हिशोब हा माणूस गेल्यावरच होतो?

मग गेटवर गेलो. सिक्युरिटी म्हणाला, "सर, एक्स एम्प्लॉयी को अंदर नहीं छोड़ सकते, एचआर को फोन लगाओ." लावला. प्लांटची एचआरची मुलगी बाहेर आली, मडगावची आहे, चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती गेटपाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "सर, माझ्या हातात खरंच कांय ना, तुमच्यासाठी मी पण तिकीटच टाकणार." तिने टाकलं. काही दिवसांनी तिच्या आयडीवर उत्तर आलं, ते तिने मला फॉरवर्ड केलं, त्यात लिहिलेलं की एम्प्लॉयी अ‍ॅक्टिव्ह नसल्यामुळे ही रिक्वेस्ट प्रोसेस करता येत नाही, तिकीट क्लोज करत आहोत, आमची सेवा कशी वाटली ते पाच स्टारमध्ये सांगा.

काम काय होतं तेही सांगतो, कारण गोव्यातल्या बऱ्याच जणांना हे कधी ना कधी भोगावं लागणार आहे. माझ्या वडिलांचं नाव. आपल्याकडे जुन्या कागदांवर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग असतं, नाईक लिहिताना शेवटी क्यू यू ई. माझ्या जन्मदाखल्यावर तसंच आहे, आधार आणि पॅनवर साधं के. कंपनीने जॉइनिंगला जन्मदाखला बघून पीएफमध्ये क्यूवालं घातलं, नव्या कंपनीने आधार बघून केवालं, आणि ट्रान्सफरचा क्लेम रिजेक्ट, रिमार्क काय तर वडिलांच्या नावात फरक. पीएफवाल्यांनी जानेवारी २०२५ मध्ये नियम सोपा केलाय, १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून निघालेला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, असेल तर नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव हे आपलं आपण सुधारता येतं. माझा यूएएन त्याच्या आधीचा. म्हणजे मी ऑनलाइन रिक्वेस्ट टाकायची आणि जुन्या कंपनीने त्यांच्या लॉगिनमध्ये अ‍ॅप्रूव्ह करायचं. दोन मिनिटांचं काम हो! त्या दोन मिनिटांसाठी मला वेर्णा, पणजी, परत वेर्णा करावं लागलं, आणि त्या पैशावर अ‍ॅडव्हान्स घेऊन घराची कौलं पावसाआधी काढायची होती ती राहिली. मृगाच्या पहिल्या पावसात आई बादल्या लावत होती तेव्हा मला कंपनीपेक्षा त्या पाच स्टारचाच जास्त राग आला.

हिशोबाचं विचारलं तर सांगतात "पॉलिसीप्रमाणे पंचेचाळीस दिवस". ही पॉलिसी कुठून आली? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, वेतनाच्या कोडमध्ये स्पष्ट आहे, राजीनामा दिला, काढून टाकलं, काहीही असो, राहिलेला पगार दोन वर्किंग दिवसांत द्यायचा. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत, उशीर झाला तर व्याजासकट. ग्रॅच्युइटीचा हिशोब पण अवघड नाही, शेवटच्या पगाराचे पंधरा दिवस गुणिले वर्षं, महिना सव्वीस दिवसांचा धरून. समजा बावीस हजार पगार धरला आणि दहा वर्षं झाली, तर एक लाख सव्वीस हजार नऊशेच्या आसपास होतात. हे गणित एचआरला येत नाही असं कुणी मला सांगू नये.

आणि एक चलाखी आहे ती बोलायलाच हवी. औषध कंपन्यांत आम्ही सगळे ऑफिसर नाहीतर एक्झिक्युटिव्ह. मायक्रोस्कोपला डोळा लावून तीन शिफ्ट करणारा पण एक्झिक्युटिव्ह. मग लेबर कमिशनरकडे जातो म्हटलं की लगेच सांगतात, तुम्ही वर्कर नाही, तुम्हाला कामगारांचा कायदा लागू नाही. पोरं घाबरतात, गप्प बसतात. पण वर्कर कोण हे पदाच्या नावावरून ठरत नाही, रोज हाताने काम काय करता त्यावरून ठरतं, कोर्टांनी हे कितीतरी वेळा सांगितलंय. नुसतं कार्डावर एक्झिक्युटिव्ह छापून माणूस मॅनेजर होत नाही.

पूर्वी असं नव्हतं हे मी बघितलंय. मी लागलो तेव्हा टाइम ऑफिसच्या बाजूला एक केबिन होती, दार सताड उघडं, आत पर्सोनेलचे, म्हणजे तेव्हाच्या एचआरचे, एक वयस्कर बाब बसायचे, सगळे त्यांना बाबच म्हणायचे. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी अ‍ॅडव्हान्स हवा असला की त्यांच्याकडे जायचं, ते वहीत नाव लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पैसे. नाही म्हणायचे तेव्हा पण तोंडावर नाही म्हणायचे आणि का ते सांगायचे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बायकांना बस कुठे सोडते हे त्यांना पाठ होतं. ते रिटायर झाले, केबिन तोडून तिथे मीटिंग रूम केली, बसचा वेंडर बदलला आणि पॅकिंगच्या मुलींना रात्री अकरानंतर फोंडा स्टँडवर उतरवायला लागले, पुढे कवळे, रामनाथी, बांदोडा जिथे जायचं तिथे तुमचं तुम्ही बघा. मुलींनी लेखी दिलं तर उत्तर, पिकअप पॉइंट ट्रान्सपोर्ट पॉलिसीप्रमाणे आहेत. त्या वेळेला तिथून पुढे बस नसते हे पॉलिसी लिहिणाऱ्याला कुठून कळणार, तो कधी फोंड्याला आलाय?

फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ चा, त्यात पाचशे किंवा जास्त कामगार असतील तर वेल्फेअर ऑफिसर ठेवलाच पाहिजे असं कलम होतं. त्या काळातल्या लोकांना कळत होतं की कारखान्यात एक माणूस असा हवा ज्याच्याकडे कामगार चालत जाऊ शकेल. चालत जाऊ शकेल हे महत्त्वाचं. २०२४ साली वेर्ण्यातल्या एका औषध कंपनीने गोव्यातल्या जागांसाठी मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्या म्हणून केवढा गदारोळ झाला होता, तो बरोबरच होता. पण आत लागलेल्या गोंयकाराची तक्रार सुद्धा गोव्याबाहेरच जाते, त्यावर कोणी बोलत नाही.

माझं पुढे काय झालं ते सांगतो. पणजीला पाटोला पीएफचं ऑफिस आहे, तिथे गेलो, त्यांच्या तक्रारीच्या पोर्टलवर कागदांसकट तक्रार टाकली, आणि कंपनीला तिथून मेल गेल्यावर ते दोन मिनिटांचं अ‍ॅप्रूव्हल त्याच आठवड्यात आलं. म्हणजे येत होतं! ग्रॅच्युइटी अजून यायची आहे, त्यासाठी पाटोलाच श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरकडे अर्ज दिलाय.

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कुठेही असा, राजीनामा टाकायच्या आधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, अपॉइंटमेंट लेटर, इन्क्रिमेंटची पत्रं सगळं स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा, आयडी बंद झाल्यावर एक कागद मिळत नाही. पीएफमध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव आधारशी अक्षर न अक्षर जुळतंय का आजच बघा, नोकरीत असताना ते पटकन होतं. कंपनीने एक्झिट डेट घातली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर मार्क एक्झिटमध्ये जाऊन ती स्वतः घालता येते, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही. आणि पीएफवाले दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात कुठेतरी कँप लावतात, निधी आपके निकट नावाचा, तिथे समोर माणूस बसलेला असतो. जागा आधी फोन करून विचारा, जाताना पासबुकची प्रिंट, आधार आणि तो रिजेक्ट झालेला क्लेम न्या, आणि कंपनीने पाठवलेली उत्तरं असतील तर ती पण, तारखेसकट.