हेडलाइटचा लपंडाव
माझ्या जुन्या गाडीचे दोन्ही हेडलाइट एकदम जातात आणि खड्ड्यात आदळलं की परत येतात. पुण्यात खड्ड्यांना तोटा नाही, म्हणून इतके दिवस निभावलं! दोन बल्ब ठरवून एकाच क्षणी जात नसतात, तरी नाना पेठेत, म्हणजे गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात, पहिला सल्ला मिळाला तो ‘बल्ब बदला साहेब’ हाच.

आज सुट्टी, म्हणून व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन पार्किंगमध्ये बसलो. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पण दिवे लावल्यावर बल्बच्या सॉकेटवर जेमतेम १०. फ्यूज ठीक, अर्थिंगही ठीक. मग स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (दिवे चालू-बंद करायचा दांडा) उघडला. आतला कॉन्टॅक्ट काळा ठिक्कर, शेजारचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतोच. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे ९ अँपिअर, आणि ते सगळे स्विचमधल्या त्या इवल्याशा पट्टीतून! त्यात आधीच्या मालकाने हौसेने १०० वॅटचे बल्ब लावले होते म्हणे. धन्य!

कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासले, क्लीनर मारला आणि रिलेचं वायरिंग टाकलं. आता स्विच फक्त रिलेला चालवतो, बल्बचा करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट जातो. सॉकेटवर १२ च्या वर व्होल्टेज.

रात्री कात्रज घाटात एक चक्कर मारून आलो. दिवे एकदाही गेले नाहीत. समोरून हाय बीम मारत येणाऱ्यांवर मात्र कुठला रिले चालतो, कुणाला माहीत असेल तर सांगा.