एक बाटली मोरीत, एक गच्चीवर

कोल्हापुरात तीन दिवस होतो. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर भेळ झाली, न्यू पॅलेसचं म्युझियम लेकाने पाहिलं आणि मी बाहेर झाडाखाली बसून राहिलो. बाकीचं आठवायला बसलो की मध्ये रविवारची संध्याकाळ येते आणि मामाच्या स्वयंपाकघरातली मोरी येते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

माझी बहीण बेल्जियममध्ये गेंटला असते. यंदा येताना तिने नवऱ्याच्या लोकरी मोज्यांत गुंडाळून दोन बाटल्या आणल्या, ३३० मिलिलीटरच्या. रोडेनबाख अलेक्झांडर. आंबट चेरी घातलेली लालसर, आंबट एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार. मला बिअरमधलं फार कळतं असं नाही, पण आंबट बिअर म्हटलं की मी कान टवकारतो. पुण्यातल्या पबमध्ये 'सावर' म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा फळाचा पल्प आणि उत्साह एवढंच असतं. ही मात्र खानदानी. रूसेलारे गावात १८२१ पासून हा कारखाना आहे. तिथे माणसापेक्षा कितीतरी उंच ओकच्या पिंपांत बिअर दोन-दोन वर्षं मुरवतात आणि मग त्या जुन्या बिअरमध्ये ताजी मिसळतात. या प्रकारात दोन भाग जुनी, एक भाग ताजी आणि वर चेरी.

पुण्यात त्या उघडायच्या नाहीत असं मीच ठरवलं. फ्लँडर्सचे लोक अशा आंबट-गोड बिअरमध्ये मांसाचा रस्सा तासन्‌तास रटरटवतात, हे बहिणीने सांगितलं होतं. तर मग रश्शाच्या गावाला जाऊनच बघू, असा माझा हिशेब. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पेट्रोल आणि टोल असतोच. साताऱ्याच्या पुढे रस्ता ठिकठिकाणी खणलेला, टोल मात्र अखंड. प्रत्येक डायव्हर्जनला मी मागे वळून लेकाला विचारत होतो, "बाटल्या उभ्या आहेत ना?" शेवटी तो वैतागून म्हणाला, "बाबा, रस्त्याकडे बघा."

शिवाजी पेठेत मामाच्या घरी पोचल्यावर बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवल्या आणि म्हटलं, "याला कुणी हात लावू नका, रविवारी रात्री मटणाबरोबर बघू." चूक इथेच झाली. बाटलीत काय आहे ते सांगायला हवं होतं, मी नुसताच भाव खाल्ला.

रविवारी संध्याकाळी लेकाला घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस, समोरच धार, आणि फेसाने काठोकाठ भरलेला ग्लास हातात. लेकाच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. खुशीत घरी आलो तर मामेभाऊ दारातच उभा.

"भावा, तुझी एक बाटली नासली होती बघ."

"म्हणजे?"

"तू यायच्या आत गार ग्लास भरून ठेवावा म्हटलं. झाकण काढलं तर शिरक्यागत वास! चाखून बघितली, आंबूसढाण. म्हटलं पावण्याच्या पोटात कशाला घालायची? ओतली मोरीत."

आता बोला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मामी समोर खोबरं वाटत होत्या. मायेपोटी झालेल्या गोष्टीवर चिडताही येत नाही, आणि मी तर आतून उकळत होतो. "असू दे" म्हणालो आणि हात धुवायच्या निमित्ताने मोरीशी गेलो. कडाप्प्यावर जाळीभोवती गुलबट फेस अजून टिकून होता. इकडे तिकडे पाहिलं आणि खाली वाकलो. चेरी, ओलं लाकूड, मागून शिरका. म्हणजे या बिअरबद्दलचा माझा पहिला अभिप्राय मोरीवर वाकून घेतलेला आहे, हे कबूल करतो.

दादाची चूक म्हणावी तर तीही पुरती नाही. बिअर आंबली की ती गेली, हे आपल्याकडचं गणित बरोबरच आहे. इथे ती मुद्दाम आंबवतात. आपल्या ताकात असते तीच लॅक्टिक आंबटाई तिच्यात असते. शिवाय लाकडाच्या छिद्रांतून वर्षानुवर्षं थोडी थोडी हवा आत जाते, त्यावर शिरका बनवणारे जिवाणू पोसले जातात, त्यांची ती तिखट आंबटाई वेगळी. ताक आणि शिरका यांची जोडी जमली तर मजा, नाहीतर लोणच्याची बरणी. हे सगळं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

उरलेली एक बाटली रात्री गच्चीवर नेली. पिणारे पाच, म्हणजे माणशी पासष्ट-सहासष्ट मिलिलीटर. काचेचे चहाचे ग्लास काढले. वहिनीने "मला नको, नुसता वास घेतो" म्हणून ग्लास पुढच्याकडे सरकवला. मामी म्हणाल्या, "दे इकडं, मी पितो की तिचं." (बाहेरच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, आणि दोन दिवसांत ते इतकं कानात बसतं की पुण्याला परतल्यावर 'मी येते' उगाच नाजूक वाटतं.)

गच्चीवरचा बल्ब गेलेला. रंग बघायचा म्हणून मोबाइलची बॅटरी ग्लासामागे धरली: तपकिरीकडे झुकणारा तांबडा, काकवी उन्हात धरली की कडेला दिसतो तसा. फेस गुलबट होता, पण दूध कट्ट्याच्या फेसापुढे अगदीच अल्पायुषी. ज्याच्या नावाने ही बिअर आहे तो अलेक्झांडर रोडेनबाख कारखाना काढणाऱ्या भावांपैकी एक. तो आंधळा होता आणि तरी बेल्जियमच्या पहिल्या राष्ट्रीय सभेत निवडून गेला. त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९८६ मध्ये, ही काढली. हे सांगितल्यावर मामा म्हणाला, "मग बॅटरी बंद कर की." केली.

अंधारात वास जास्त येतो की काय कोण जाणे. आधी चेरी आली, आणि तिच्यात कडू बदामासारखं काहीतरी, जे आंबट चेरीच्या आठळीत असतं. मामाने ग्लास नाकाशी बराच वेळ धरला. पूर्वी त्यांचं गुऱ्हाळ होतं, नंतर भावांच्या वाटणीत गेलं. "काहिलीच्या कडेला रस सांडतो," तो म्हणाला, "दुपारच्या उन्हात तिथली माती आंबते. चुलाणाची ओली लाकडं शेजारीच पडलेली असतात. अगदी तो वास." माझ्या वहीत मी 'ओक' लिहिलं होतं. खोडून 'चुलाण' लिहिलं.

चव अशी. जिभेच्या टोकावर गोड, चेरीच्या सरबतासारखी, आणि इथे क्षणभर माझा विरस झाला, कारण गोडवा मला वाटलं होतं त्याहून जास्त होता. मग आंबटपणा येतो आणि कानाखाली जबडा आवळतो. कडवटपणा जवळजवळ नाही. दादाला त्याचंच नवल, की बिअर आणि कडू नाही. अल्कोहोल ५.६ टक्के, म्हणजे चहाच्या अर्ध्या ग्लासात काय चढणार! सगळ्यात शेवटी जिभेच्या कडांना एक तुरटपणा चिकटून राहतो. हा तुरटपणा माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते काही आठवेना.

तेवढ्यात मटण वर आलं. तांबडा आधी. एक भुरका रस्सा, एक घोट बिअर, आणि तोंडात आग लागली. संकेश्वरी मिरची, आंबट आणि बुडबुडे हे तिघं एकत्र आले की एकमेकांना भडकवतात. चेरीचं तर खोकल्याचं औषध झालं. (हा शब्द मामींचा, आणि नेमका.) फ्लँडर्सच्या रश्शात मिरची नसते एवढी साधी गोष्ट दोनशे तीस किलोमीटर गाडी हाकताना माझ्या डोक्यात आली नव्हती.

पांढऱ्याबरोबर मात्र जमलं. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ. हा रस्सा मुळातच जिभेवर साय धरतो. त्यावर बिअरचा घोट गेला की साय कापली जाते आणि पुढचा भुरका पुन्हा पहिल्यासारखा लागतो. गोडवाही तिथे खपून गेला. मी तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा जमलं. मामाला म्हटलं, "बघा, हे खरं!" मामा म्हणाला, "लिंबू पिळलं तरी हेच होतंय." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

दहापैकी सात. पांढऱ्या रश्शाबरोबर आठ. तांबड्याबरोबर देऊ नका, आणि देणार असाल तर घरातल्यांना आधी सांगा की वास असाच असतो.

जेवण झाल्यावर वहिनीने पन्हाळ्याच्या वाटेवर घेतलेली करवंदं आणली, पानाच्या द्रोणात, काळीभोर. पहिलं तोंडात टाकलं आणि ओठाला चीक लागला. जिभेच्या कडा पुन्हा तशाच आवळल्या. सापडला तो तुरटपणा! मी सगळ्यांना ग्लासातला शेवटचा थेंब आणि एकेक करवंद असं घ्यायला लावलं.

"ही चेरी केकवरच्या चेरीगत न्हाई लागत पण," मामी म्हणाल्या.

"मामी, केकवरची चेरी म्हणजे बहुतेक करवंदच असतं. बी काढून, पाकात मुरवून, लाल रंग देऊन."

मामी गप्प झाल्या. दादाने द्रोणातलं एक करवंद उचलून बॅटरीपुढे धरलं. "म्हणजे इतकी वर्षं वाढदिवसाला आम्ही दुप्पट पैसे देऊन करवंदं खाल्ली?"

सोमवारी निघताना मामींनी रिकामी बाटली धुऊन तिच्यात काकवी भरून दिली, बूच म्हणून कापडाची गुंडाळी. लेबल तसंच होतं. दुसरीही धुऊन ओट्यावर पालथी घातलेली दिसली. "ही ऱ्हाऊ दे मला," त्या म्हणाल्या, "तेलाला बरी हाय. पुढच्या खेपेला मोठी आण, मग ओतू देत न्हाई मी कुणाला."