तक्रार केली, मग सरकारनं काय दिलं?

‘लाचलुचपतकडे गेलात, मग सरकारनं तुम्हाला काय दिलं?’ वारसनोंदीसाठी खेटे घालणारं कुणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

दिले तीन हजार. तेही माझेच.

वडिलांमागे सातबाऱ्यावर आमची नावं चढवायला कचेरीत पाच हजार मागितले होते, ‘तडजोडीअंती’ तीन. (हा शब्द पंचनाम्यातला. घासाघीस म्हटलं तर वाणसामानाची वाटते.) लाचलुचपतच्या १०६४ वर फोन केला. आधी पडताळणी झाली: खिशात रेकॉर्डर, सोबत पंच. मग माझ्या सहा नोटांचे नंबर उतरवून त्यांना अँथ्रासीन पावडर लावली. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळी चमकते. बजावलं, मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत आणि दिल्यावर खूण म्हणून टोपी काढायची. मला असा घाम फुटलेला की दारातच टोपीकडे हात गेला. पंचानं कोपर मारलं म्हणून निभावलं.

नोटा मुद्देमालात अडकल्या, तेवढी रक्कम सरकारनं परत केली. कोर्टाच्या तारखांना बुडालेल्या दिवसांची भरपाई मात्र कोण देणार?

आणि संरक्षण? सापळ्यात नाव लपत नाही, आरोपपत्राची प्रत आरोपीला मिळतेच. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणाऱ्या सत्येंद्र दुबेंनी नाव गुप्त ठेवा म्हणून पंतप्रधान कार्यालयाला विनवलं होतं, तरी पत्र नावासकट फिरलं. नोव्हेंबर २००३मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तपासात लूटमार निघाली, पण नाव फुटलं ते फुटलंच. त्या गदारोळानंतर २००४मध्ये केंद्रानं अशा तक्रारी दक्षता आयोगाकडे सोपवल्या. आपल्या तळेगाव दाभाड्यात जमिनींचे घोटाळे काढणाऱ्या सतीश शेट्टींनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असता त्यांना मारलं. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाच्या कायद्यावर २०१४मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, पण अंमलाची तारीख सरकारनं पुढं कित्येक वर्षं काढलीच नाही.

तरी जा म्हणतो. फक्त पैसे देण्याआधी जा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावीच लागली, तर सात दिवसांत कळवा.

परवा दुसऱ्या कामाला त्याच कचेरीत गेलो. शिपायानं ओळखलं. ‘टोपी नाही आणली आज?’ म्हणाला आणि चहा मागवला. चहाचे पैसे मीच दिले.