रंकाळ्यावर वाचलेलं बेट

ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाची 'द मिस्टीरियस आयलंड' ही कादंबरी संक्षिप्त आवृत्तीत वाचू नका, एवढं आधी सांगून टाकतो, मग बाकीचं. शाळेत असताना मी संक्षिप्तच वाचलेली आणि जाम आवडलेली, भा. रा. भागवतांच्या मराठी अनुवादांमुळं व्हर्न हे नाव आमच्याकडं घरातलंच झालेलं, त्यामुळं त्याचं जे हाताला लागेल ते वाचायचं असं चाललेलं. पण आता पूर्ण पुस्तक, ते पण अनोळखी माणसांना मोठ्यानं वाचून दाखवताना कळलं की कापाकापी करणाऱ्यांनी नेमकी गाभ्याची पानंच काढून टाकलीत. रहस्य ठेवलंय, चाचे ठेवलेत, ज्वालामुखी ठेवलाय. विटा, मडकी, लोखंड, गहू हे मात्र चार ओळीत उरकलंय.

हे वाचन सुरू झालं माझ्या एका मित्रामुळं. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला ताण नको म्हणून सांगितलेलं, आणि हा माणूस पुस्तकाशिवाय राहू शकत नाही, म्हणून रविवारी सकाळी फिरून झालं की कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर संध्यामठाच्या बाजूला कट्ट्यावर बसायचं आणि मी वाचायचं असं ठरलं. पुस्तक इंग्रजी, मी वाचता वाचता तोंडानंच मराठी करत जायचो. शेजारच्या कट्ट्यावर बसलेले लोक आधी नुसते बघायचे, मग हळूहळू सरकत जवळ आले. आम्ही कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. शिरोलीच्या फौंड्रीतनं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातनं, रिटायर झालेले एक काका, शेतीवाल्या एक मावशी ज्या नातीला फिरवायला आणायच्या, कॉलेजची दोन-तीन पोरं, घड्याळं दुरुस्त करणारे एक जण, आणि काठी टेकत येणारे एक आजोबा. बाकीचे येऊन जाऊन.

गोष्ट थोडक्यात सांगतो. १८६५ चा मार्च, अमेरिकेत यादवी युद्ध चाललंय, रिचमंड शहरात अडकलेली पाच माणसं आणि एक कुत्रा बलूनमधनं पळ काढतात, वादळात सापडतात आणि थेट पॅसिफिकमधल्या एका निर्जन बेटावर आपटतात. बलून वर राहावा म्हणून जवळचं सगळं आधीच समुद्रात फेकलेलं. रॉबिन्सन क्रूसोला निदान फुटक्या जहाजातलं सामान तरी मिळालं, ह्यांच्याकडं काय, तर अंगावरचे कपडे, दोन घड्याळं, एक काडी, आणि पुढं एका पोराच्या कोटाच्या अस्तरात सापडलेला गव्हाचा एक दाणा. पहिल्या सुऱ्या कशाच्या केल्या माहितीये? कुत्र्याच्या गळ्यातल्या पोलादी पट्ट्याचे दोन तुकडे करून, दगडावर घासून. हे वाचल्यावर फौंड्रीवाले काका एकदम सरळ होऊन बसले.

आग विझल्यावर सायरस स्मिथ हा त्यांचा इंजिनिअर दोन घड्याळांच्या काचा समोरासमोर धरून मध्ये पाणी भरतो, कडा मातीनं लिंपतो आणि त्या भिंगानं उन्हात आग पेटवतो. घड्याळवाले म्हणाले, जुन्या खिशातल्या घड्याळाची काच फुगीर असायची म्हणून जमलं, आताच्या सपाट काचा घेऊन बसलात तर दिवसभर बसाल. कॉलेजच्या पोरांनी लगेच जुनी घड्याळं कुठं मिळतात ते विचारून घेतलं.

पण खरी मजा आली लोखंडाच्या प्रकरणात. बेटावर दगडी कोळसा आहे, चांगलं लोहखनिज आहे, पण भट्टी पाहिजे आणि भट्टीला वारा पाहिजे. म्हणून ही माणसं आधी सील मारतात, त्यांच्या कातड्याचा भाता शिवतात, वारा आत न्यायला मातीची नळी भाजून घेतात, मग कोळशाचा थर, खनिजाचा थर, परत कोळशाचा थर असं रचून वारा देत बसतात. व्हर्न हे सगळं घाई न करता सांगतो, आधी भाता का पाहिजे, मग नळी का पाहिजे. मला शंका होती की लोक कंटाळतील, कारण इथं काही घडतच नाही, नुसतं काम चाललंय. तर काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "थांबा जरा, परत वाचा. ते वितळलं का न्हाई?"

मी परत वाचलं. वितळत नाही, गोळा होतो, आणि तो तापलेला गोळा ते दगडावर ठेवून दगडानंच ठोकतात.

"मग बरोबर हाय," काका म्हणाले. "ह्यो ओतीव माल न्हवं, घडीव हाय. ओतायला पाणी व्हावं लागतंय त्याचं. कातडी भात्यानं तेवढा ताव कुठनं येणार?" आणि मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते ऐकायला तुम्ही पाहिजे होता. ओतीव लोखंडात कार्बन जास्त म्हणून ते साधारण बाराशे डिग्रीच्या आसपास वितळतं, शुद्ध लोखंडाला पंधराशेच्या वर जावं लागतं. म्हणून ह्या जुन्या पद्धतीत लोखंड वितळवतच नाहीत, खनिजातला ऑक्सिजन कोळशाकडनं काढून घेतात आणि राहिलेला मळ ठोकून ठोकून बाहेर काढतात. क्युपोलाच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीच्या, दिवसात शिफ्टला किती घाम निघायचा, वाळूत ओल जास्त झाली की मोल्डमध्ये कसे बुडबुडे धरतात, रंगावरनं ताव कसा ओळखायचा, सगळं. बोलताना हात असा हवेत धरलेला, जणू समोर साचा आहे आणि त्यात माल पडतोय. त्या दिवशी पुस्तकाची पानं थोडीच झाली पण माझ्या मते तो आमचा सगळ्यात भारी रविवार. ज्या शहरात उद्यमनगरात गल्लोगल्ली लेथ चालतात, शिरोली-गोकुळ शिरगावात भट्ट्या पेटतात, तिथं हे प्रकरण कापलेलं पुस्तक द्यायचं म्हणजे जेवणातली भाकरीच काढून घ्यायची.

पुढं बेटावर हत्यारांनी भरलेली पेटी आपोआप वाहून आल्यासारखी सापडते तेव्हा काकांना ते आवडलं नाही. "आयतं मिळालं की मजा गेली," म्हणाले. मला ते पटलं.

मावशींचा दिवस आला तो गव्हाच्या दाण्याचा. सायरस हिशोब मांडतो की एका दाण्याला दहा ओंब्या, ओंबीला ८० दाणे, म्हणजे पहिल्या पिकाला ८००, दुसऱ्याला ६ लाख ४० हजार, तिसऱ्याला ५१ कोटी २० लाख आणि चौथ्याला ४० हजार कोटींच्या वर. पोरांनी मोबाईलवर गुणाकार करून बघितला, बरोबर आला. मावशी म्हणाल्या, एकटंच रोप मोकळं असलं की फुटवे भरपूर येतात, दहा ओंब्या काय अवघड नाहीत, पण दाट पेरलं की फुटवे मरतात, त्यामुळं दुसऱ्या वर्षी जागा किती धरली ते बघा. आणि पाखरांचं काय केलं? पुढं पेनक्रॉफ्ट हा खलाशी पिकात बुजगावणी लावतो ते वाचल्यावर मावशी खूश.

एक गोष्ट मात्र वाचताना खटकते आणि ती मी थांबून बोललो पण. नेब हा गुलामीतनं मुक्त झालेला काळा माणूस, लेखकानं त्याला प्रेमळ, निष्ठावान दाखवलंय पण कायम नोकराच्या जागी, आणि बेटावरच्या माकडाबरोबर त्याची जोडी लावून गंमत केलीय. लेखकाची सहानुभूती त्या युद्धात गुलामीच्या विरोधातल्या बाजूला, तरी हे असं. वगळून पुढं जाण्यापेक्षा वाचून त्यावर बोलणं मला बरं वाटलं.

आणि मग शेवटाकडं नेमो. (ज्यांना रहस्य फुटायला नको त्यांनी हा भाग सोडा.) बेटावर लपून ह्या माणसांना मदत करणारा म्हणजे व्हर्नच्याच आधीच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' ह्या कादंबरीतला पाणबुडीवाला कॅप्टन नेमो, आणि तो निघतो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला, घरदार गमावलेला. व्हर्नच्या डोक्यात आधी तो रशियाविरुद्ध लढलेला पोलिश माणूस होता, पण त्याचे प्रकाशक एत्झेल ह्यांनी विरोध केला, म्हणून पाणबुडीच्या कादंबरीत त्याचा देश गुलदस्त्यातच ठेवला, आणि १८७४-७५ मध्ये आलेल्या ह्या पुस्तकात तो भारतीय झाला. व्हर्ननं भारत कधी बघितला नव्हता, इतिहासाची सरमिसळ पण केलीय, बुंदेलखंडच्या राजपुत्राला टिपू सुलतानचा पुतण्या करून ठेवलंय. तरी पण एका फ्रेंच लेखकानं त्या काळात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या माणसाला एवढा मान दिला हे मला फार मोठं वाटतं.

मी हे वाचत असताना इतके दिवस गप्प असलेले आजोबा बोलले. "आपले चिमासाहेब महाराज." बस्स एवढंच. पोरांना चिमासाहेब चौक माहिती होता, कोल्हापूरच्या राजाचे भाऊ असलेला हा माणूस माहिती नव्हता. मग आजोबांनीच सांगितलं, ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी उठाव केला, त्यात हात असल्याच्या संशयावरनं पुढं इंग्रजांनी चिमासाहेबांना पकडून कराचीला नेऊन ठेवलं, आणि १८६९ साली ते तिकडंच गेले, परत कोल्हापूर दिसलं नाही. कादंबरीत नेमो मरतो ते १८६८ साली, स्वतःच्या पाणबुडीत, बेटाच्या पोटातल्या गुहेत. साल एवढं जवळ आलंय हा योगायोगच, पण ते ऐकल्यावर नेमोचं शेवटचं प्रकरण मला नीट वाचता येईना, आवाज जड झाला, उरलेलं कॉलेजच्या पोरीनं वाचलं, आणि तिनं माझ्यापेक्षा सुंदर वाचलं.

शेवटी ज्वालामुखी फुटतो आणि बेट जातं, घर, शेत, भट्टी सगळं. त्यावरनं आमच्यात जोरात वाद झाला. काकांचं म्हणणं लेखकानं अन्याय केला, एवढा घाम गाळायला लावून बुडवलं. मावशी म्हणाल्या पुरात आम्ही दोनदा शेत धुवून गेलेलं बघितलंय, त्यात लेखकाचा काय दोष. मिटलं नाही अजून, दर वेळी कुणीतरी उकरून काढतंच.

आता सगळ्यांना नेमोची आधीची गोष्ट हवीये, पाणबुडीची. ती पण पूर्णच वाचणार, माशांच्या लांबच्या लांब याद्यांसकट, कारण मित्राचे डोळे आता बरे झालेत तरी त्याला वाचून दाखवलेलंच आवडायला लागलंय, आणि मच्छीवाला एक जण ऐकायला येतो म्हणालाय. रविवारी सकाळी सातला, संध्यामठाच्या बाजूच्या कट्ट्यावर. नाव सांगायची गरज नाही, येऊन बसा.