मुलं शाळेत गेली की चिंगी काय करते?

जून जवळ आला की आमच्या कुत्रीबद्दल, चिंगीबद्दल, हा प्रश्न मला हमखास येतो. जिन्यात, भाजीच्या गाडीवर, ऑफिसात डबा खाताना. "मुलं शाळेत गेली की तुमची चिंगी दिवसभर करते काय? आमचा तर रडून घर डोक्यावर घेतो." काल खालच्या मजल्यावरच्या ताईंनीही तेच विचारलं. त्यांच्याकडे कुत्रा एप्रिलमध्येच आलाय आणि घरात दोन शाळकरी मुलं आहेत, म्हणून या वेळी सगळं नीट सांगते.

चिंगी गावठी. २०२३ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या बांधकामावरचे मजूर काम संपवून गेले आणि ही वर्षाची कुत्री मागे राहिली, तेव्हा आम्ही तिला घरी आणलं. कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. मुलांना सुट्टी लागलेली. दोन महिने ती क्षणभरही एकटी नव्हती. मुलं पत्ते खेळत असली तरी ही मधोमध बसलेली. मग १५ जून आला. सकाळी मुलं व्हॅनमध्ये बसली, साडेनऊला आम्ही दोघं बाहेर पडलो आणि साडेदहाला शेजारच्या आजींचा फोन आला, "अगं, ती हेल काढून रडतेय, ऐकवत नाही."

मी घरी पोचले तर दाराची चौकट कुरतडलेली, फरशीवर लाळ, पुढच्या पायाचं एक नख उखडलेलं आणि दारावर रक्ताचे ओरखडे. मी घाबरले होते, त्या भरात तिच्यावर ओरडले. ती शेपूट पोटाशी घेऊन, नजर चुकवत कोपऱ्यात सरकली. मला वाटलं, हिला चूक कळलीये. नखाला पट्टी करताना डॉक्टरांनी समजावलं की हा अपराधीपणा नव्हे, माझ्या आवाजाची भीती आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला असो वा नसो, मालक रागावला की तो तसाच चेहरा करतो. त्या दिवसाचं ओरडणं मला अजून टोचतं. एकटेपणाला घाबरलेल्या जिवाला मी माझ्या घरी परतण्याचीही भीती घातली होती.

दुसऱ्या दिवशी जुना मोबाइल कपाटावर रेकॉर्डिंगला लावून गेले. हे तुम्हीही करा, कारण आपण गेल्यावर काय होतं ते आपल्याला अंदाजाने कळत नाही. चिंगीचा सगळा कहर पहिल्या अर्ध्या तासात होता, नंतर ती दमून दाराशी पडून राहायची. आणि सुरुवात तर आम्ही बाहेर पडायच्या कितीतरी आधी व्हायची. पाण्याच्या बाटल्या भरल्या, दप्तराची चेन ओढली की ही धापा टाकत येरझाऱ्या घालायला लागायची.

म्हणून त्या चेनपासून सुरुवात केली. दुपारी चार वाजता माझी मुलगी सई दप्तर भरायची, चेन लावायची, बूट घालायची आणि सोफ्यावर बसून गोष्टीचं पुस्तक वाचायची. मी पर्स घेऊन, किल्ल्या वाजवून पोळ्या लाटायला जायचे. दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्याभरात चिंगी त्या आवाजाला नुसती मान वर करून बघायला लागली. मग खरंच बाहेर जाणं सुरू केलं. आधी दाराबाहेर एक मिनिट, मग पार्किंगपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. ती रडायला लागायच्या आत परत यायचं, हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं. रोज वेळ वाढवतच नेली असंही नाही. दहा मिनिटांनंतर पुन्हा तीन, मग पंधरा. हे चालू असताना तिला जास्त वेळ एकटं ठेवून चालत नाही, म्हणून तीन आठवडे ती दुपारी एकपर्यंत आजींकडे असायची. त्या आजी नसत्या तर आमचं काही खरं नव्हतं.

सगळ्यात कठीण होतं माझ्या मुलाला, ओमला समजावणं. तो तेव्हा पहिलीत. रोज दारात तिच्या गळ्यात पडून रडायचा, "चिंगे, मी लगेच येतो हं." व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवताहेत, हा सोडत नाही आणि ती थरथरतेय. त्याला "असं करू नको" म्हणताना माझाच जीव तुटायचा, कारण त्याचं प्रेम खरं होतं. शेवटी आम्ही निरोपाची जागा बदलली. दूध पिऊन झालं की दहा मिनिटं बाल्कनीत त्याने तिला कुरवाळायचं, कानात काय सांगायचं ते सांगायचं. मग सई आणि ओमने गप्प बूट घालून निघायचं. पहिले चार दिवस तो दार ओढून घेताना ओठ घट्ट मिटून घ्यायचा. मग तो आणि चिंगी दोघंही सावरले.

सकाळचं फिरणं मी लवकर उरकते, पण वास घेऊ देते. एकाच झाडापाशी पाच मिनिटं लागली तरी चालतील. बॉलमागे पळवून दमवण्यापेक्षा याने ती जास्त शांत होते, हे माझं पक्कं मत आहे. पावसात फिरणं आखडतं, तेव्हा जुन्या पंच्यात उकडलेल्या चिकनचे तुकडे गुंडाळून ठेवते. ती हुंगत, उलगडत बसते. रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून रात्री फ्रीजरला ठेवला की सकाळी वीस मिनिटं चाटायला पुरतो. पण आपण गेल्यावर कुत्रं त्या खाऊला तोंडही लावत नसेल, तर ते अजून घाबरलेलं आहे असं समजा आणि एकटं ठेवायची वेळ कमी करा. एवढं करूनही कमी होत नसेल तर डॉक्टरांकडे जा. काही कुत्र्यांना काही महिने औषध लागतं आणि ते देण्यात कमीपणा नाही. सोबतीला दुसरा कुत्रा आणावा का, असंही विचारतात. मी नको म्हणते. चिंगीला माणसं हवी होती.

दप्तरं घरी आली की खुंटीवर उंच टांगायची. उरलेल्या डब्यातल्या मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी, आणि मोजा किंवा खोडरबर गिळलं तर आतड्यात अडकू शकतं.

पहिल्या वर्षी जुलैअखेर चिंगी पंख्याखाली शांत झोपायला लागली. वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसाला बारा-चौदा तास झोप लागते, ती सुट्टीत मुलांच्या गोंधळात तिला मिळतच नव्हती. पुढच्या जूनमध्ये मात्र पुन्हा तेच रडणं! वर्षभराची सवय मे महिन्याने पुसून टाकली होती. तेव्हापासून आम्ही भर सुट्टीतही रोज तासभर तिला एका खोलीत एकटी झोपू देतो, दार लोटून, मुलांनी आत जायचं नाही.

नागपूरला माझ्या बहिणीकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तिला तेवढे दिवस जास्त मिळतात. ताई, तुमच्या हातात अजून तीन आठवडे आहेत. दप्तरं आजच माळ्यावरून काढा. संध्याकाळी मुलांना चेन लावून बूट घालू द्या, आणि कुठेही न जाता सगळे मिळून चहा-पोहे खा. तुमच्या कामाच्या दिवशी दुपारपर्यंत तुमच्या कुत्र्याला माझ्याकडे सोडा, आजींनी आमच्यासाठी केलं तसं. चिंगीशी त्याची ओळख मात्र रविवारी खाली बागेत, दोघांचेही पट्टे हातात धरून करून देऊ.