तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चॉकलेटच्या बरणीतलं तेल

"काकू, तुम्ही तेलाच्या कंपनीत होतात ना? मग ते न्यूटेला मुलांना द्यायचं की नाही ते सांगा. पामतेल असतं म्हणे त्यात, कॅन्सर होतो म्हणे." हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारलाय, भाजीच्या गाडीवर विचारलाय आणि एकदा तर हळदीकुंकवाला वाण हातात घेता घेता विचारलाय. दरवेळी मी अर्धवट उत्तर देते आणि तेवढ्यात लिफ्ट थांबते. म्हणून आज दुपारी बसून एकदाचं सगळं टाइप करतेय. लांबलं तर मधे चहा करून या.

आधी माझी लायकी सांगते. मी डॉक्टर नाही, डाएटिशियन पण नाही. नवी मुंबईकडच्या एका रिफायनरीच्या लॅबमध्ये 26 वर्षं तेलाची सॅम्पलं तपासली, त्यामुळे तेल कसं होतं ते माहितीये.

माझी भाची इटलीत तुरिनला असते, ती मागे येताना न्यूटेलाची एक बरणी घेऊन आली होती, त्यावरचं लेबल तिने मला वाचून दाखवलं आणि मी भिंग घेऊन आकडे उतरवून ठेवले. साखर, पामतेल, हेझलनट 13 टक्के, साय काढलेल्या दुधाची पावडर 8.7 टक्के, फॅट कमी केलेला कोको 7.4 टक्के, मग सोया लेसिथिन आणि व्हॅनिलिन. संपलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. बरणीवर चित्र हेझलनटचं, यादीत पहिली साखर. तेल नक्की किती ते लिहिलेलं नाही पण हिशोब लागतो. 100 ग्रॅममध्ये एकूण फॅट 30.9 ग्रॅम, त्यातलं आठेक ग्रॅम 13 ग्रॅम हेझलनटचं, कोकोचं ग्रॅमभर, उरलं ते पामतेल. म्हणजे वीस-बावीस ग्रॅम. सॅच्युरेटेड फॅट 10.6 लिहिलंय आणि पामतेलात साधारण निम्मं सॅच्युरेटेड असतं, म्हणजे तिकडूनही तेवढंच येतं. (रिटायर झाले तरी हा खेळ सुटत नाही.)

आता हे तेल घालतातच कशाला? हेझलनटचं स्वतःचं तेल एकदम पातळ असतं. मी हौसेने घरी करून बघितलं होतं, हेझलनट भाजले, फडक्यात चोळून सालं काढली, मिक्सरला पिठीसाखर आणि कोको घालून फिरवत बसले, मिक्सर तापला, वास इतका छान की शेजारच्या वहिनी डोकावल्या. दुसऱ्या दिवशी बरणीत वर बोटभर तेल आणि खाली सिमेंट. पीनट बटरला होतं ना तसंच. ते धरून ठेवायला असं फॅट लागतं जे खोलीच्या तापमानाला ना धड पातळ ना धड घट्ट. पूर्वी कंपन्या त्यासाठी तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायच्या, म्हणजे आपल्या डालड्याचा प्रकार, आणि त्यात ट्रान्स फॅट यायचं, जे हृदयाला खरोखर घातक. पामतेल निसर्गतःच अर्धवट घट्ट असल्यामुळे हायड्रोजनची गरजच पडत नाही. आपल्याकडे 2022 पासून तेला-तुपात आणि पदार्थांतल्या फॅटमध्ये ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. जगभर पामतेल वाढलं त्यामागे ट्रान्स फॅट टाळणं हे पण एक कारण आहे, हे कोणी फॉरवर्डमध्ये लिहीत नाही.

मग कॅन्सरचं काय? तर ते अगदी हवेतलं नाहीये. इथे जरा थांबून सांगते कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता.

कच्चं पामतेल कधी बघितलंय का? शेंदरी असतं, हनुमानाच्या शेंदरासारखं, त्यात कॅरोटिन असतं म्हणून. ते आधी रंग शोषणाऱ्या खास मातीतून ब्लीच करतात आणि मग डीओला जातं, म्हणजे डीओडोरायझर, उंच टॉवर असतो, आत व्हॅक्युम आणि वाफ, आणि तेल 240, 250, कधी 260 डिग्रीपर्यंत तापवतात. तिथे वास जातो, आंबटपणा जातो, उरलेला रंग पण उष्णतेनेच मोडतो. दर दोन तासांनी ऑपरेटर बाटलीत सॅम्पल घेऊन लॅबला यायचा, बाटली अजून कोमट, आम्ही ॲसिड बघायचो, 0.1 टक्क्याच्या आत पाहिजे, आणि लोव्हिबाँडवर, म्हणजे तेलाचा रंग मोजायच्या यंत्रावर, रंग बघायचो, 3 रेडच्या आत. नाईट शिफ्टला रंग आला नाही की ठरलेला संवाद: "मॅडम, कलर बसत नाही, टेंपरेचर थोडं चढवतो." आणि मी म्हणायचे, चढव. टँकर उभा असायचा बाहेर.

तर त्या चढवण्यातच गोम आहे. 200 डिग्रीच्या वर गेलं की तेलात ग्लिसिडिल एस्टर नावाची भानगड तयार व्हायला लागते, आणि 3-एमसीपीडी नावाची दुसरी. पोटात गेल्यावर पहिल्यातून ग्लिसिडॉल सुटतं, आणि ते पेशींच्या डीएनएवर घाव घालणारं आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॅन्सर करणारं आहे, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने ते 'माणसात बहुधा कॅन्सरकारक' अशा गटात ठेवलंय. मे 2016 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, एफ्साने, हे सगळं तपासून अहवाल दिला की ही द्रव्यं सगळ्याच रिफाइंड तेलांत थोडीफार सापडतात पण पामतेलात सगळ्यात जास्त. कारण पामचं फळ झाडावरून पडलं, दबलं, की त्यातलं तेल लगेच मोडायला लागतं, आणि त्या मोडलेल्या भागातूनच पुढे हे तयार होतं. म्हणून फळ जितक्या लवकर मिलमध्ये जाईल तितकं चांगलं. आम्ही त्या काळी हे मोजतच नव्हतो, मोजायचं असतं हेच माहीत नव्हतं. अहवाल वाचला तेव्हा मला पहिल्यांदा ते "चढव" आठवलं. असो.

पण अहवालात काय नव्हतं ते पण सांगते. न्यूटेलाचं नाव नव्हतं, पामतेल बंद करा असंही नव्हतं. सगळ्यात जास्त काळजी केली होती ती फक्त डब्याच्या पावडरीच्या दुधावर असणाऱ्या तान्ह्या बाळांची, कारण त्यांच्या पोटात दुसरं काहीच जात नाही आणि वजनाच्या मानाने डोस मोठा होतो. शिवाय 2010 ते 2015 मध्ये कंपन्यांनीच पद्धती सुधारल्यामुळे पामतेलातलं ग्लिसिडिलचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, हेही तिथेच लिहिलंय. 2018 मध्ये युरोपने तेलातल्या ग्लिसिडिलवर किलोमागे 1 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. 3-एमसीपीडीच्या बाबतीत तर एफ्साने रोजची चालणारी मात्रा शरीराच्या किलो वजनामागे 0.8 मायक्रोग्रॅमवरून 2 वर नेली, म्हणजे स्वतःचाच आकडा दोन वर्षांत सैल केला. हे झालं की लोक म्हणतात बघा, मॅनेज केलं. अहो, नवीन हिशोब आला की आकडा बदलतो, कधी इकडे कधी तिकडे, आमच्या लॅबमध्ये पण बदलायचा.

इटलीत मात्र यावरून जाम गोंधळ झाला. तिकडची मोठी सुपरमार्केट साखळी कोऑपने 2016 मध्ये स्वतःच्या ब्रँडचा पामतेलवाला माल रॅकवरून काढला, बिस्किटवाल्यांनी पुड्यांवर 'सेन्झा ओलिओ दी पाल्मा' म्हणजे पामतेलाशिवाय असं मोठ्या अक्षरात छापायला सुरुवात केली, भाची सांगते की अजून प्रत्येक दुसऱ्या पुड्यावर ते असतं. फेरेरो कंपनी, आल्बा गावची, न्यूटेलावाली, ती हटली नाही. उलट टीव्हीवर जाहिरात केली, आमचं तेल ताज्या फळांचं असतं आणि 200 डिग्रीच्या खाली, खूप कमी दाबावर शुद्ध करतो असं सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे, व्हॅक्युम चांगला असेल तर तापमान कमी चालतं, फक्त वेळ आणि पैसा जास्त जातो. मग 2019 मध्ये बारिलाने बिनपामतेलाचं स्प्रेड काढलं. छान. पण बिनपामतेलाची बरणी उलटी करून बघा, तेल सूर्यफुलाचं झालेलं असतं, साखर आहे तिथेच असते.

एक गंमत, हा पदार्थ मुळात काटकसरीतून आलाय. नेपोलियनच्या नाकेबंदीत पिएमाँतमध्ये, म्हणजे तुरिनच्या भागात, कोको मिळेना म्हणून तुरिनच्या मिठाईवाल्यांनी त्यात तिथले हेझलनट कुटून घातले असं सांगतात, त्याचं नाव जांदुया. दुसऱ्या महायुद्धानंतर परत कोकोची टंचाई, तेव्हा 1946 ला पिएत्रो फेरेरोने त्याची वडी काढली, कापून पावावर ठेवायची, आणि त्यांच्या मुलाने, मिकेलेने, पुढे सुधारत 1964 ला ती न्यूटेला म्हणून बरणीत घातली. तेव्हा महाग चॉकलेट गरिबाला परवडावं म्हणून हेझलनट. आता हेझलनटच महाग, म्हणून आपल्याकडच्या काही बरण्यांवर बघा, हेझलनट तीन-चार टक्के आणि तेल-साखर सत्तरच्या पुढे. नाव तेच, 'हेझलनट स्प्रेड'. त्यामुळे विकत घ्यायचंच असेल तर टक्का बघून घ्या एवढं मी सांगते, बाकी ब्रँडच्या भांडणात मी पडत नाही.

आणि पामतेलाचीच भीती असेल तर घरातली बाकीची पाकिटं पण टेबलावर आणा ना. भारत जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणाऱ्या देशांत आहे, ते काय न्यूटेलात जातं? बिस्किटं, नूडल्स, क्रीम रोल, फरसाण. 2022 च्या दिवाळीला 100 रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि लिटरभर पामतेलच होतं, त्यात करंज्या तळल्याच की सगळ्यांनी. एक चमचा स्प्रेडमध्ये तीनेक ग्रॅम पामतेल, आणि संध्याकाळी वाटीभर शेव खाल्ली तर 15 ग्रॅमच्या वर तेल सहज गेलं. सॅच्युरेटेड म्हणाल तर पामपेक्षा साजूक तुपात जास्त आणि खोबरेल तेलात तर त्याहून कितीतरी जास्त. याचा अर्थ पामतेल गुणकारी आहे असा काढू नका, सॅच्युरेटेड फॅटने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं ते वाढतंच, ज्यांच्या घरात हार्टची हिस्टरी आहे त्यांनी सगळ्याचीच बेरीज करावी.

लेसिथिनचं विचारतात बरेच जण, इमल्सिफायर, म्हणजे मिश्रण एकजीव ठेवणारा घटक, म्हटलं की दचकतात. ते सोयाबीन तेल काढताना निघणारा चिकट तपकिरी गम असतो, काकवीसारखा, हाताला लागला तर साबणाने पण लवकर निघत नाही. सोयाची ॲलर्जी नसेल तर सोडून द्या. व्हॅनिलिन वासापुरतं. हेझलनटची ॲलर्जी मात्र गंभीर असू शकते, पहिल्यांदा देताना चाटण्याएवढंच द्या.

आता मला खरं ज्याचं वाटतं ते. माझा नातू सात वर्षांचा. मागच्या सुट्टीत त्याला म्हटलं तूच लाव ब्रेडला, आणि किचनच्या वजनकाट्यावर बरणी आधी ठेवली, नंतर ठेवली. दोन स्लाइस आणि सुरी चाटलेली धरून 46 ग्रॅम. युरोपातल्या लेबलवर एक सर्व्हिंग 15 ग्रॅमचं असतं. अमेरिकेत तीच कंपनी 37 ग्रॅमचं लिहिते, दोन टेबलस्पून, त्यात 19 ग्रॅम वरून घातलेली साखर, तेव्हा 46 ग्रॅमला झाली जवळजवळ 24. डब्ल्यूएचओ म्हणतं की अशी साखर दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाचच्या आत असेल तर उत्तम. पोराला दिवसाला 1500 कॅलरी धरल्या तर दहा टक्के म्हणजे 37 ग्रॅम. सकाळी साडेआठला 24 संपले, दुधातली साखर अजून बाकी, बिस्किट बाकी, बर्थडे पार्टी बाकी. अमेरिकेत एका आईने यावरूनच केस केली होती, जाहिरातीत पौष्टिक नाश्ता म्हणतात म्हणून, आणि 2012 मध्ये कंपनीने तीसेक लाख डॉलर देऊन ती मिटवली. त्या केसमध्ये कॅन्सर नव्हता, साखर आणि फॅट होतं.

तर "द्यायचं की नाही" याला माझं उत्तर, मी देते. रविवारी, पोळीला, तूप लावतो तितकंच. लोणच्याच्या बरणीतला तो लहान लाकडी चमचा घेतला त्यासाठी, त्यात मोजून 9 ग्रॅम मावतं. नातवाने तो चमचा बघितला आणि म्हणाला, आजी हा तर बाहुलीचा आहे. बरणी फ्रीजमध्ये ठेवू नका, दगड होतो आणि मग मुलं खणून जास्त काढतात. माझी सध्या वरच्या फडताळात आहे, पोह्यांच्या डब्यामागे, आणि ते त्याला माहितीये.