प्लग वायरींपासून टायमिंगपर्यंत : आमची वाटचाल

"नव्या वायरी टाकल्या, पण गाडी चढाला अजून दम टाकतेच." धंद्याच्या पहिल्या वर्षात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की फोन वाजला तरी पोटात गोळा यायचा. आम्ही तेव्हा जुन्या गाड्यांसाठी प्लग वायरींचे, म्हणजे स्पार्क प्लगपर्यंत ठिणगीचा करंट नेणाऱ्या वायरींचे, सेट बनवत होतो, दुसरं काही नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ. क्रिंपिंगचं एक हत्यार, वायरींची रिळं, बूट (वायरीच्या टोकाच्या रबरी टोप्या) आणि टर्मिनलांच्या पिशव्या, एक मल्टिमीटर. माल चोख होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण तो ज्या गाडीत जाणार ती आम्ही पाहिलेलीच नसायची, आणि सगळी गडबड तिथेच होती.

वायरींच्या नादी मी लागलो तो मिस्त्रींच्या हाताखाली शिकत असताना. गाडी मिस मारतेय म्हटलं की आधी प्लग बदलायचे, मग कार्ब्युरेटर उघडायचा, असा तिथला शिरस्ता. वायरींकडे कुणी बघायचं नाही, कारण वायर बाहेरून ठणठणीत दिसते. एका संध्याकाळी बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि अचानक दिवे गेले. अंधारात पाहतो तर वायरींवर बारीक निळे धागे सरपटत होते. एका वायरीवरून दुसरीवर, तिथून इंजिनच्या लोखंडावर, आणि प्रत्येक उडीला टिक् असा आवाज. ओझोनचा तो तिखट वास अजून आठवतो. मिस्त्री म्हणाले, "बघ, करंट प्लगपर्यंत पोचतोय कुठं? वाटेतच सांडतोय." आजही आमच्याकडे गाडी आली की अंधार पडेपर्यंत ती थांबवून ठेवतो. धूर कोंडू नये म्हणून दारं सताड उघडी, दिवे बंद, आणि हात लांब ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा. मग फक्त बघत उभं राहायचं.

बहुतेक वायरी मरतात त्या आतून, आणि मारणारे आपले हातच असतात. कारखान्यातून येणाऱ्या साध्या वायरीच्या पोटात तांबं नसतं. कार्बन मुरवलेल्या धाग्यांचा गाभा असतो, कारण नुसती तांब्याची तार असली की प्रत्येक ठिणगीला रेडिओत खरखर उठते. प्लग काढताना बूट धरून, थोडा पिळून ओढायचा, हे ठाऊक असूनही घाईत माणूस वायरच धरून खेचतो. वरचं आवरण तसंच राहतं, आतला गाभा तुटतो. मग ठिणगी आधी त्या तुटक्या जागेत उडते आणि दर खेपेला तिथला कार्बन थोडाथोडा जाळते. मल्टिमीटर लावला की चांगली वायर फुटाला काही हजार ओम दाखवते, तुटलेली काहीच दाखवत नाही. पण नुसतं मोजून भागत नाही. मोजताना वायर हलवून, वाकवून बघायला लागते, कारण सरळ असताना जुळणारा गाभा वाकवला की सुटतो. ही सवय भावाने लावली. त्याचा हात माझ्यापेक्षा सावकाश चालतो आणि म्हणून जास्त पकडतो.

आमचा पहिला फसलेला माल तांब्याचा होता. जाड तांबं म्हणजे जास्त करंट, असं बऱ्याच गिऱ्हाइकांना वाटायचं, आम्हीही मागणी होती म्हणून बनवून देत होतो. पॉइंटच्या गाड्यांत, म्हणजे जिथे उघडमिट करणारे धातूचे संपर्क कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडतात, ते चाललं. रेडिओ खरखरायचा, तेवढंच. पण ज्या जुन्या गाड्यांत मालकांनी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं, त्या मधूनच बंद पडायला लागल्या. तांब्याच्या वायरींतून उठणारा विद्युत गोंधळ मॉड्यूलच्या, म्हणजे पॉइंटचं काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या, सिग्नलमध्ये शिरायचा आणि मॉड्यूल भलत्याच वेळी कॉइलमधून ठिणगी सोडायचं. आम्ही ते सगळे सेट परत मागवले आणि त्या जागी स्पायरल वायरी दिल्या. स्पायरलमध्ये मधल्या गाभ्याभोवती केसासारख्या तारेचे वेढे असतात. रोध फुटाला काहीशे ओम किंवा त्याहून कमी, आणि वेढ्यांमुळे गोंगाट दबतो. ही वायर हाताने बनवणं किचकट आहे. तारेचं टोक टर्मिनलला नेमकं टेकलं नाही तर चार महिन्यांत तिथे जळून काळं पडतं. पण आज आमचा जवळपास सगळा माल हाच आहे.

जाडीबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. 7 मिलिमीटर, 8 मिलिमीटर, 8.5 मिलिमीटर हे आकडे आवरणाचे आहेत, आतल्या वाहकाचे नाहीत. जाड आवरण उष्णतेला आणि गळतीला जास्त तोंड देतं, एवढाच त्याचा गुण. धडधाकट वायरी काढून महागातल्या जाड वायरी टाकल्या तर इंजिनची ताकद वाढत नाही. मेलेल्या वायरी काढून चांगल्या टाकल्या तर गेलेली ताकद परत येते. हे सांगितल्यामुळे काही ऑर्डरी गेल्या. पण खोटं आश्वासन देऊन सेट विकायचा नाही, हे आमचं पहिल्या दिवसापासूनचं ठरलेलं आहे.

वायर कुठून जाते हेही तितकंच महत्त्वाचं. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. यात 5 आणि 7 हे एकाच बाजूचे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर समांतर गेल्या की 5 ची ठिणगी उडताना 7 च्या वायरीत करंट जागा होतो. 7 चा पिस्टन तेव्हा दाब घेत वर निघालेला असतो, दाब अजून कमी, म्हणून थोड्याशा करंटनेही तिथे वेळेआधी पेट घेतो. आवाज ऐकून लोक टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे, म्हणजे उशिरा, घेतात, आणि दोष असतो दोन वायरींच्या मांडणीत. म्हणून सेटबरोबर आम्ही फटी राखणारे क्लिप देतो, प्रत्येक वायरीवर सिलिंडरचा आकडा घालतो, आणि एका वेळी एकच वायर बदला असं कळवतो. सगळ्या एकदम उपटल्या की ऑर्डर चुकतो आणि बॅकफायरचा धमाका होतो.

तर, तो फोन. "वायरी टाकल्या, पण…" भाऊ एके दिवशी म्हणाला, "दादा, गाडीच बोलाव ना इकडे." मला ते जड वाटत होतं. जागा नव्हती, लिफ्ट नव्हती. तरी जवळपासच्या पाच-सहा जणांना बोलावलं आणि उसना टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, आणला. पहिल्याच गाडीत वायरी आमच्याच होत्या, उत्तम होत्या, आणि टायमिंग पार मागे पडलेलं होतं. पुलीवरची खाच मी तारेच्या ब्रशने घासली, खडूने पांढरी केली, लाइटचा चिमटा एक नंबरच्या वायरीवर लावला, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं. फिरत्या पुलीवर उजेड पडला आणि ती पांढरी रेघ जागच्या जागी थिजली. मिस्त्रींकडे टायमिंग आम्ही टेस्ट लॅम्प लावून, नाहीतर कानाने लावायचो. डोळ्यांनी ते पाहिल्यावर मी डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा) बोल्ट सैल केला, बोटाने कणभर फिरवलं, आणि रेघ सरकत सरकत आकड्याला येऊन लागली. इंजिनचा आवाज बदलला. मालक गाडी घेऊन चढ चढून आला आणि काही न बोलता माझा हात हातात घेऊन उभा राहिला. त्या दिवसापासून आमचा धंदा वायरींचा राहिला नाही, इग्निशनचा झाला.

टायमिंग का लागतं ते गिऱ्हाइकाला मी आकड्यांनी समजावतो. ठिणगी पडली की सगळं मिश्रण एकदम पेटत नाही, ज्योत पसरायला दोनएक मिलिसेकंद घेते. दाबाचा जोर पिस्टन वरून खाली वळल्यानंतर साधारण 15 अंशांवर मिळाला तर क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, तो सर्वांत उपयोगी पडतो. म्हणून ठिणगी आधीच टाकायची. 800 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 4.8 अंश फिरतो, 3000 ला 18 अंश. वेग वाढला की ठिणगी अजून आधी हवी. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं आणि स्प्रिंगा करतात. हलक्या पायाने चालवताना मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, तेव्हाचा जादा ॲडव्हान्स (ठिणगी अजून आधी पाडणं) व्हॅक्यूमचा डायफ्राम देतो. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी-कॉइल-पॉइंटची पद्धत 1910 च्या आसपास कॅडिलॅकमध्ये आली आणि 1970 च्या दशकापर्यंत जगभरच्या गाड्या थोड्याफार फरकाने तिच्यावरच चालल्या. इतकी साधी यंत्रणा इतकं बारीक काम करते, याचं मला अजून अप्रूप आहे.

पण साधी असली तरी ती झिजते. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजली की गॅप मिटत जातो, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग आपसूक मागे जातं. म्हणून आधी गॅप लावायचा, मगच टायमिंग. उलट केलं की दोन्ही चुकतं. वजनांचं ग्रीस गोंदासारखं घट्ट होतं आणि वजनं उघडायची थांबतात. डायफ्राम फाटतो. अशा गाडीचं आयडलचं (जागेवर सावकाश चालतानाचं) टायमिंग पुस्तकाबरहुकूम लावलं तरी वर वेगात काहीच वाढत नाही, आणि मालकाची तक्रार तीच राहते. यासाठी आम्ही डिस्ट्रिब्युटर तपासायचं एक जुनं यंत्र भंगारात जाण्याआधी घेतलं. दुरुस्तीला भावाचे आठ महिने गेले. त्यावर डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिथला 1 अंश म्हणजे इंजिनवर 2 अंश. हा हिशोब विसरला की सगळं काम दुप्पट चुकतं. आमच्या आयुष्यातली सर्वांत फायद्याची खरेदी हीच.

आता एक चूक सांगतो, ती लपवायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. एका काकांची सहा सिलिंडरची गाडी होती. खुणेवर 8 अंश लावून दिली. आठवड्याने परत आली, चढाला इंजिन ठोकत होतं, काचेच्या बरणीत खडे हलवल्यासारखा आवाज. टायमिंग थोडं मागे घेतलं. पुन्हा आली, पुन्हा थोडं घेतलं. तिसऱ्यांदा आली ती एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गमावूनच. उघडलं तर पिस्टनच्या माथ्याची कड खाल्लेली आणि रिंगेची जागा तुटलेली. खरं कारण कळलं तेव्हा मी तिथेच खाली बसलो. पुढची पुली दोन भागांची असते, मध्ये रबर. त्या गाडीचं रबर म्हातारं होऊन बाहेरची कडी सरकली होती, आणि खूण तिच्यासोबत. आम्ही इमानेइतबारे खोट्या खुणेवर टायमिंग लावत होतो, प्रत्यक्षात ते 12 अंश पुढे होतं. काका एक शब्दही रागाने बोलले नाहीत. इंजिन आम्ही स्वखर्चाने पूर्ण बांधून दिलं. त्या वर्षी दोघांनी घरी पगार नेला नाही.

तेव्हापासून खुणेवर आम्ही विश्वास ठेवत नाही, आधी तिची परीक्षा घेतो. एक नंबरचा प्लग काढून त्या भोकात पिस्टन अडवणारी पट्टी बसवायची. इंजिन हाताने, पान्याने, हळूहळू फिरवायचं, स्टार्टरने कधीच नाही. पिस्टन टेकला की पुलीवर एक रेघ. मग उलट्या दिशेने फिरवून टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टनचं खरं वरचं टोक. गाडीची जुनी खूण तिथे जुळली तरच तिला मान. याला वीस मिनिटं लागतात आणि घाई असलेलं गिऱ्हाइक कुरकुरतं. ही वीस मिनिटं आम्ही कुणासाठी सोडत नाही.

पुस्तकातल्या आकड्याबद्दलही आमचं मत बदललंय. जुन्या गाड्यांची पुस्तकं लिहिली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ऑक्टेनही आजच्यासारखं नव्हतं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचं शेवटचं शिशाचं पेट्रोल जगात 2021 मध्ये बंद झालं. म्हणून पुस्तकाचा आकडा आम्ही सुरुवात म्हणून घेतो, मग इंजिन पूर्ण तापल्यावर वरच्या गिअरमध्ये, भार देऊन, रस्त्यावर ऐकतो. ठोका आला तर 2 अंश मागे. भलतंच मागे ठेवलं तर एक्झॉस्ट तापतं, पेट्रोल जास्त जातं, उचल मरते, त्यामुळे भीतीपोटी मागे ठेवणंही आम्हाला मान्य नाही.

आज आम्ही पाच जण आहोत. वायरींचे सेट अजूनही बाहेर पाठवतो, पण त्याआधी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारतो: पॉइंट की मॉड्यूल, प्लग रेझिस्टरचे की साधे, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसते का, टायमिंग शेवटचं कधी बघितलं. उत्तरांवरून वायरी ठीक वाटल्या तर ऑर्डर घेत नाही.

त्या काकांची गाडी दरवर्षी येते. परवा आली तेव्हा पॉइंटचा गॅप जरा मिटला होता, टायमिंग 2 अंश मागे सरकलं होतं. भावाने फीलर गेज लावून गॅप केला, मी लाइट धरला, आणि रेघ परत आकड्यावर आली. काका शेजारी वाकून उभे होते. "दिसतेय रे," म्हणाले, "अजून थोडा वेळ धर."